जातिसंस्थेचे फायदे लिहा : गुण दहा



वरचा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. शब्द थोडेफार फिरवून तो समाजशास्त्राच्या पेपरात येत आलाय. 'जातिसंस्थेचे गुण-दोष सांगा.' 'जातिव्यवस्थेची प्रकार्ये स्पष्ट करा.' 'जातीचे सामाजिक महत्त्व विशद करा.' आणि गाईडात त्याचं उत्तर आकडे घालून तयार असतं. एक, जात माणसाला सामाजिक सुरक्षितता देते. दोन, जात पिढीजात धंद्याचं शिक्षण घरातच देते. तीन, जात रक्ताची शुद्धता राखते. चार, जात संस्कृतीचं जतन करते. मग तितकेच तोटे. मग शेवटची ओळ, जी बापानं लिहिली आणि आता लेक लिहितोय : 'अशा प्रकारे जातिसंस्थेचे काही फायदे असले तरी काही तोटेही आहेत.'

वा रे वा! जणू पावसाळ्यावर निबंध चाललाय. पाऊस पडला तर पीक येतं, फार पडला तर पूर येतो.

फायदा कुणाचा अन् तोटा कुणाचा, हे गाईड विचारत नाही. एकाच माणसाच्या पदरात दोन्ही पडतात असा त्याचा हिशोब. सुरक्षितता कुणाला मिळाली त्याचं नाव लिहा, आणि कुणाला गावकुसाबाहेर ठेवून ती उभी राहिली त्याचंही नाव लिहा, एवढं जरी एखाद्यानं केलं तरी गाईडाचं पान तिथंच फाटतं. पण ते पाठ करतात आपलीच पोरं. ज्याच्या आज्यानं येसकरकी केली, रात्रीबेरात्री सरकारी टपाल घेऊन पळाला, मेलेलं ढोर ओढलं, त्याचा नातू परीक्षेच्या हॉलात बसून लिहितो, 'जात व्यवसायाचं शिक्षण घरातच देते.' कसलं शिक्षण रे लेका? ढोर ओढायचं?

मी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो. बी.ए.वाले येतात, एम.ए.वाले येतात, सेट-नेटवाले आणि लोकसेवा आयोगवालेही येतात. त्यांनी लिहिलेली उत्तरं वाचायची आणि त्यावर भांडायचं, हे माझं काम. वाचून वाचून उत्तरांच्या दोन तऱ्हा पाठ झाल्यात. पहिली गाईडछाप. तिच्याबद्दल वर बोललो. दुसरी भाषणछाप. मोर्च्यात पुढं असणारा, पथनाट्यात ढोलकी फोडणारा पोरगा असतो. प्रश्न येतो संस्कृतीकरणाचा, आणि हा सुरू होतो : 'हजारो वर्षे या मनुवादी व्यवस्थेने आम्हाला चिरडले आहे...' चार पानं. आग आहे, पण संस्कृतीकरण म्हणजे काय हे चार पानांत कुठंच नाही. श्रीनिवासांचं नाव नाही, साल नाही, उदाहरण नाही. तपासनिसाला फक्त एक रेघ मारायची असते. ती तो आनंदानं मारतो. आपण त्याच्या हातात पेन्सिल देतो आणि वर म्हणतो, बघा, जातीवादी!

जातीवादी असतोही. ते मी नाकारत नाही. त्याच्याकडे येतोच. पण आधी आपल्या घरातलं बोलू.

आपल्यात एक बोलणं फार चालतं. 'परीक्षा म्हणजे ब्राह्मणी कारस्थान. मार्कांनी काय क्रांती होते का?' हे बोलणारा बहुतेक वेळा परीक्षेला बसलेलाच असतो आणि अभ्यास झालेला नसतो. दोस्ता, बाबासाहेब कोलंबियात गेले तेव्हा तिथली परीक्षा काय दलितांनी काढली होती? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स काय आपल्या पंचायतीची होती? त्यांनी पेपर लिहिले, प्रबंध लिहिले आणि त्यांच्याच मैदानात त्यांना जाब विचारला. ही उत्तरपत्रिका कुठं जाते ते नीट बघा. तिच्यातून बी.ए. होतं, एम.ए. होतं, सेट-नेट होतं, पीएच.डी. होते. त्यातून प्राध्यापक होतो. प्राध्यापकांतून अभ्यासमंडळ होतं. आणि अभ्यासमंडळ ठरवतं, पुढच्या वर्षी जातीवर कोणता प्रश्न यायचा आणि कोणतं पुस्तक लागायचं. 'फायदे लिहा' हा प्रश्न ज्याला खोडायचाय, त्यानं आधी त्या खुर्चीपर्यंत पोचलं पाहिजे. तिथं जायचा रस्ता त्याच शिवलेल्या कोऱ्या पानांतून जातो.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. पॅट्रिक गेडिस पहिले प्रमुख, नंतर १९२४पासून गो. स. घुर्ये. त्याच शहरात १९२० साली 'मूकनायक' निघाला, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. एकाच शहरात दोन माणसं जातीचा अभ्यास करत होती. पाठ्यपुस्तकांनी एकाला समाजशास्त्रज्ञ म्हटलं. दुसऱ्याला कितीतरी दशकं 'घटनेचे शिल्पकार' म्हणून हार घातला आणि समाजशास्त्राच्या दाराबाहेर उभं केलं. ही वाटणी कुणी केली? ज्यांनी प्रश्नपत्रिका काढल्या त्यांनी.

आता मुद्द्यावर येतो. चांगलं उत्तर म्हणजे काय? ते बघायला गाईड नको. एक उत्तर आपल्या घरात आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा वर्ग. पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर उभा राहून निबंध वाचतो : भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. बाबासाहेबांचं हे लिखाण आपण ग्रंथ म्हणून पूजतो. मी म्हणतो, एकदा ते विद्यार्थ्यानं लिहिलेलं उत्तर म्हणून वाचा. कारण ते खरंच तसं आहे.

काय करतो हा विद्यार्थी? पहिलं म्हणजे तो छाती पिटत नाही. जातीच्या जुन्या व्याख्या समोर मांडतो. सेनार्टची, नेसफिल्डची, रिझलेची, केतकरांची. प्रत्येकाला त्याच्या शब्दांत नीट बोलू देतो. मग एकेकाचा तिढा उलगडतो. विटाळ हे जातीचं मूळ लक्षण आहे का? नाही म्हणतो, विटाळाची कल्पना पुरोहितपणाबरोबर येते. केतकर दोन लक्षणं सांगतात : जातीबाहेर लग्न नाही आणि जन्मानंच सभासदत्व. हा म्हणतो, ही दोन नाहीत, एकच आहे. बाहेर लग्न बंद केलं की आत फक्त जन्मानंच येता येतं. असं सोलत सोलत तो गाभ्याशी येतो : अंतर्विवाह.

आणि मग तो प्रश्न टाकतो जो आधीच्या चौघांनी टाकला नव्हता. जात बंद ठेवायची तर आतल्या बायका आणि पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर बाई उरते, बायको मेली तर पुरुष उरतो. या उरलेल्यांचं करायचं काय? बाईला जाळा, नाहीतर तिच्यावर वैधव्य लादा. पुरुषाला जाळता येत नाही, तो मोलाचा. मग त्याच्यासाठी वयात न आलेली पोरगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. गाईडात हे तिन्ही 'स्त्रियांच्या समस्या' म्हणून वेगळ्या प्रकरणात येतात. पंचवीस वर्षांच्या पोरानं एका धाग्यात ओवून दाखवलं की ही जातीची कुलपं आहेत. बाईच्या शरीरावर घातलेली.

हे आहे उत्तर. व्याख्या, विरोधकाचं म्हणणं पूर्ण, त्यातली खोट, आपला सिद्धांत, त्याची यंत्रणा. राग नाही का त्यात? आहे की! प्रत्येक ओळीखाली धगधगतोय. पण तो युक्तिवादाच्या भट्टीत घालून त्याचं लोखंड केलंय.

आता आपल्या पेपराकडे या. घुर्ये घ्या. 'घुर्यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणे' हा प्रश्न कुणाला आला नाही? समाजाचं खंडात्मक विभाजन, उतरंड, खाण्यापिण्याचे निर्बंध, नागरी आणि धार्मिक बाबतीत काहींना बंदी तर काहींना विशेषाधिकार, धंदा निवडण्यावर बंधन, लग्नावर बंधन. सहा आकडे लिहिले की पास. पण घुर्यांचं १९३२ सालचं पुस्तक उघडा. चौथ्या लक्षणाखाली त्यांनीच नोंदवलंय की पेशवाईत पुण्याच्या वेशीत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर येऊ देत नसत, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. ही गोष्ट आंबेडकरी माणसानं रागाच्या भरात सांगितलेली नाही. समाजशास्त्राच्या मान्यवर आचार्यानं छापलेली आहे. गाईडवाल्यानं काय केलं? लक्षण ठेवलं आणि सावली गाळली. आपण ती सावली परत उत्तरात आणायची. तपासनीस तुमचं मत खोडेल, घुर्यांची नोंद कशी खोडेल? म्हणून मूळ पुस्तक वाचा. समोरच्याच्या भात्यात आपले बाण असतात.

'जातीची प्रकार्ये' या प्रश्नाचं बघू. त्याच्यामागे प्रकार्यवाद आहे. स्तरीकरणापुरता बोलायचं तर किंग्जले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांचा १९४५चा लेख. आपली पोरं लिहितात, 'प्रकार्यवाद भांडवलदारांचा आहे' आणि पुढं जातात. असं नाही चालत. आधी त्यांचं म्हणणं सांगा, आणि पुरं सांगा. ते म्हणतात, समाजातली काही कामं जास्त महत्त्वाची आणि त्यासाठी लागणारी शिकलेली माणसं कमी. म्हणून त्या कामाला जास्त मोबदला. म्हणजे अटी दोन : महत्त्व आणि टंचाई. एकच सांगाल तर तपासनीस बरोबर पकडेल. दोन्ही सांगा आणि मग घण घाला. गटार साफ करणं थांबलं तर आठवड्यात शहर सडेल. मग हे काम बिनमहत्त्वाचं कसं? ते म्हणतील, माणसं मुबलक आहेत. मग विचारा, मुबलक का आहेत? आणि शिकलेल्यांची टंचाई कशी झाली? अक्षराला बंदी घालून टंचाई कुणी निर्माण केली? मेल्विन ट्यूमिन यांनी १९५३ साली अमेरिकेत हेच विचारलं होतं, की स्तरीकरण गुण हुडकत नाही, गुण दाबतं. आणि बाबासाहेबांनी तर १९३६ सालीच सांगून ठेवलं की इथं नुसती कामं वाटली गेली नाहीत, काम करणारी माणसंच कप्प्याकप्प्यांत कोंडली आणि कप्पे एकावर एक रचले. आता हे सगळं एका पानात बसतं. तिथं घोषणा लागत नाही.

संस्कृतीकरणाचा प्रश्न तर आपल्यासाठीच काढलेला आहे. श्रीनिवासांनी १९५२च्या कूर्गांवरच्या पुस्तकात ते मांडलं : खालची जात वरच्या जातीचे आचार उचलते आणि पिढी-दोन पिढ्यांत वर सरकते. गाईडं त्याखाली उदाहरण देतात, 'महारांनी मृतमांस सोडले.' वाचून अंगाची लाही होते. पण लाहीनं गुण मिळत नाहीत, उत्तर द्या.

उत्तर असं. एक : अनुकरणाची गोष्ट १९१६च्या निबंधात आहेच. वरचा वर्ग दार लावून घेतो आणि खालचे त्याची नक्कल करत आपापली दारं लावतात. बाबासाहेबांनी त्यात बंद होणं पाहिलं. श्रीनिवासांनी छत्तीस वर्षांनी त्यात वर चढणं पाहिलं. दोन : श्रीनिवास स्वतः कबूल करतात की यात जातीची जागा बदलते, रचना बदलत नाही, आणि अस्पृश्यतेची रेघ या वाटेनं ओलांडता येत नाही. त्यांचीच साक्ष. तीन : महाड. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. मेलेलं ढोर ओढणार नाही, त्याचं मांस खाणार नाही, हा ठराव त्याच हवेतला. वरून दिसतं की हे 'वरच्यांचे आचार' उचलणं आहे. पण हेतू बघा. त्यामागे महारकीचं जोखड फेकणं होतं. म्हणून तर पुढं बाबासाहेब १९२८ साली वतनाचं बिल कौन्सिलात आणतात. सोवळं पाहिजे असलेली माणसं १९२७ साली २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळतील का? आणि वर सरकू देणारी व्यवस्था असती, तर पाण्याला हात लागल्याबरोबर तळं पंचगव्यानं 'शुद्ध' केलं असतं का, आणि हक्काचा निकाल हायकोर्टातून मिळवायला १९३७ साल उजाडलं असतं का? चार : १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. संस्कृतीकरणाची शिडी जिथं संपते तिथं लाखो लोकांनी शिडीच सोडली. ज्या सिद्धांतात हे मावत नाही त्या सिद्धांताची मर्यादा काय, ते लिहा. 'चिकित्सक परीक्षण करा' म्हणजे हेच असतं.

लुई ड्यूमाँचं तसंच. १९६६चं पुस्तक. शुद्ध-अशुद्ध या जोडीवर सगळी उतरंड उभी, सत्ता त्याखाली दुय्यम. गाईडात एवढंच. त्याला जेराल्ड बेरमन यांनी १९७१ साली हे ब्राह्मणी नजरेनं पाहिलेलं जातीचं चित्र आहे म्हणून उत्तर दिलं. जोन मेन्चर यांनी १९७४ साली तमिळनाडूतल्या तळातल्या लोकांच्या जागेवरून पाहून दाखवलं की खालून जात शोषणासारखी दिसते. पण थांबा, इथं सोपं जिंकू नका. मायकेल मोफॅट नावाचे अभ्यासक १९७९ साली तमिळनाडूतल्याच अस्पृश्यांवर पुस्तक लिहून म्हणतात, हे लोक तर आपसांत तीच उतरंड पुन्हा उभी करतात, म्हणजे त्यांना ती मान्य आहे. हे लपवून उत्तर लिहाल तर अर्धं राहील. लिहा, आणि उत्तर द्या. आपल्यातही महार-मांग-चांभार-ढोर असा भेद पाळला गेला की नाही? गेला. बाबासाहेबांनी त्यालाच श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी दिलेलं असतं, म्हणून सगळे मिळून उठत नाहीत. तळातला माणूस दुसऱ्याला खाली ढकलतो याचा अर्थ त्याला आपलं तळातलं असणं पसंत आहे असा होत नाही. हे लिहायला धाडस लागतं, कारण ते आपल्यावरही येतं. पण असं लिहिणाऱ्याचं उत्तर कुणालाही खोडता येत नाही.

आता अनुभवाचं. आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोरीची गोष्ट सांगतो. बाप ड्रेनेजच्या कामावर, ठेकेदाराकडे. अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला, जात आणि व्यवसाय. तिनं लिहिलं : 'माझे वडील मॅनहोलमध्ये उतरतात. त्यांच्यासोबत उतरणारे सगळे आमच्याच लोकांतले आहेत.' दोन ओळी. कॉलेजातल्या सरांनी लाल शाईनं बाजूला लिहिलं, 'वैयक्तिक. भावनिक होऊ नये.' वर्गात वाचून दाखवलं वर. पोरगी आठवडाभर कॉलेजला गेली नाही.

मी त्या सरांना विचारतो. एखाद्या मानवशास्त्रज्ञानं परदेशातून येऊन सहा महिने त्या मॅनहोलच्या तोंडाशी बसून हीच दोन वाक्यं लिहिली असती तर त्याला क्षेत्रकार्य म्हटलं असतं ना? सहभागी निरीक्षण म्हणून त्यावर प्रकरण लावलं असतं. ही तर जन्मापासून सहभागी आहे. तिचं निरीक्षण भावनिक आणि त्याचं शास्त्रीय? वस्तुनिष्ठता, वस्तुनिष्ठता म्हणून ज्या माक्स वेबरचं नाव घेता, त्यानंच १९०४ साली लिहिलं की कोणता प्रश्न अभ्यासायचा हे माणूस आपल्या मूल्यांनीच ठरवतो. अट एवढीच की पुरावा वाकवू नये. तिनं कुठं वाकवला?

आणि त्या पोरीलाही मी तेव्हा सांगितलं, तुला रडायला वेळ नाही. तुझ्या दोन ओळी ठेव. त्यांच्या भोवती तटबंदी बांध. हातानं मैला साफ करण्यावर १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा करावा लागला. एका कायद्यानं काम संपलं असतं तर दुसरा कशाला? २७ मार्च २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३मध्ये तीस लाख केले. रक्कम वाढवावी लागते, म्हणजे माणसं उतरताहेत, मरताहेत. आता त्याच्याखाली तुझ्या बापाची ओळ टाक. मग लिही की घुर्यांचं पाचवं लक्षण, धंदा निवडण्यावर बंधन, ठेकेदारीच्या कागदावर आजही जिवंत आहे. आता हिला कोण वैयक्तिक म्हणतो बघू.

अनुभवाला लाजू नका आणि त्याला एकटा सोडू नका, एवढाच माझा आग्रह आहे. आपल्या बायांनी हे कधीच करून दाखवलंय. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापला. शाळकरी पोर. वेद फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असा पेच टाकते. इमारतींच्या पायात माणसं गाडल्याचं सांगते, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसल्याचं सांगते. दावा, पुरावा, प्रश्न. तिला कुणी गाईड दिलं नव्हतं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं', उर्मिलाताई पवार आणि मीनाक्षीताई मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', हे समाजशास्त्राचं साधन म्हणून उत्तरात आलं पाहिजे. शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित बायांच्या आत्मकथनांवर पुस्तक लिहून हा रस्ता विद्यापीठात डांबरी करून ठेवलाय. चाला की त्यावरून.

आकडे थोडेच घ्या पण पक्के घ्या. 'आता जात कुठं राहिली' म्हणणाऱ्याला २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणातलं सांगा : जातीबाहेर लग्न केलेल्या बायका शंभरात पाचच्या आसपास. घरात शिवाशिव पाळतो असं स्वतःच्या तोंडानं कबूल करणारी कुटुंबं शंभरात सत्तावीसच्या आसपास. 'गुणवत्तेवर नोकरी मिळते' म्हणणाऱ्याला सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७चा अभ्यास सांगा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोनतृतीयांश. अर्ज तोच, माणूस कागदावरचा. इथं भावना कुणाची आली?

आता हाताला लावायच्या चार गोष्टी. प्रश्नाचं क्रियापद आधी वाचा. 'स्पष्ट करा' म्हटलं तर समजावून सांगायचं, 'चर्चा करा' म्हटलं तर दोन्ही बाजू, 'परीक्षण करा' म्हटलं तर निकाल द्यायचा. 'भारत हा विविधतेने नटलेला देश आहे' असली वरात काढू नका. पहिल्या तीन ओळींत तुमची बाजू आली पाहिजे. एका परिच्छेदात एक मुद्दा, त्याला एक नाव, एक साल, एक दाखला. वेळ गुणांच्या हिशोबानं वाटा. पहिल्याच प्रश्नात सगळी आग ओतून शेवटचे दोन प्रश्न कोरे ठेवणारे किती हुशार पोरगे मी पाहिलेत! घोषणा, नाव, जयभीम, काही लिहू नका. ओळखीची खूण चालत नाही हा परीक्षेचा नियम आहे आणि तो वर 'श्री' काढणाऱ्यालाही लागू आहे. भाषा साधी लिहा. अवजड शब्दांचं लुगडं नेसवून मुद्दा मोठा होत नाही. येसकर, वेठ, बलुतं, तराळकी हे शब्द बेधडक लिहा, त्यांना संकल्पनेचं वजन आहे. 'ब्राह्मणी' लिहाल तर व्याख्या द्या. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ती दिलीय : स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, ती कुठल्याही जातीत असू शकते. व्याख्या दिली की शिवी राहत नाही, संकल्पना होते.

आणि निष्कर्षात गाईडाची ती ओळ आली तर खोडा. 'फायदे आहेत आणि तोटेही आहेत' हा निष्कर्ष नसतो, ती पळवाट असते. मागितले फायदे तर लिहा फायदे. कुणाचे ते लिहा, कुणाच्या जिवावर ते लिहा, किती काळ ते लिहा. प्रश्नाला बगल न देता प्रश्न उलटा करता येतो.

राहिला तपासनीस. तो द्वेषानं तपासेल तर? तपासतात काही. त्याच्यावरही इलाज आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात विद्यार्थ्याला पाहता येते, प्रत मागता येते. मागा. पाच जण मिळून मागा. ताडून बघा, कुठल्या ओळीला किती दिले, कुठं रेघ मारली. पुनर्मूल्यांकनाला टाका. पण त्या दिवशी तुमच्या पानावर व्याख्या, साल, नाव, दाखला असला पाहिजे. नाहीतर प्रत हातात घेऊन काय दाखवणार? भाषण?

म्हणून माझं सांगणं आहे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक होस्टेलात पाच-पाच जणांनी बसा. मोबाईलवर फिरणाऱ्या रेडीमेड नोट्सचा गठ्ठा बाजूला ठेवा. आठवड्याला एक प्रश्न घ्या, घड्याळ लावून लिहा, एकमेकांचं तपासा. तपासताना एकानं तो जातीवादी तपासनीस व्हायचं आणि जिथं जिथं फट दिसेल तिथं रेघ मारायची. फट राहणार नाही तोवर पुन्हा लिहायचं. पहिला प्रश्न मीच देऊन ठेवतो.

जातिसंस्थेचे फायदे कोणाला झाले व ते कोणी चुकते केले, हे १९१६च्या निबंधाच्या आधारे सोदाहरण सिद्ध करा. गुण दहा. वेळ वीस मिनिटं.

बसा लिहायला. जयभीम.